आईचं अनेकवचन

बाई, डावीकडे दोन बोटं समास सोडलाय. शाई निळी आहे, कारण लाल फक्त तपासणाऱ्याची असते. आता या कागदावर कुणी लाल रेघ ओढणार नाही हे मला कळतं, तरी हात आपोआप समास सोडूनच लिहायला लागला. आठ वर्षं तुमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिल्यावर एवढी सवय लागणारच.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. लोक येतात, खालच्या खोलीत बसतात, फार शिस्तीच्या होत्या म्हणतात, चहा पिऊन जातात. सबंध नोकरी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवण्यात गेलेली बाई शिस्तीची असणारच, त्यात काय विशेष. मला मात्र तुम्ही पहिल्यांदा माझी चूक काढलीत तो दिवस आठवतो.

आम्हाला राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. मी आणि रोहिणी. घर बघताना आम्ही 'मैत्रिणी आहोत, दोघी नोकरी करतो' एवढंच सांगितलं होतं, आणि तुम्हीही पुढे काही विचारलं नव्हतं. एका सकाळी नळ कोरडा निघाला म्हणून मी घाईत तुमच्या दाराला चिठ्ठी चिकटवून कामावर गेले: 'वरच्या टाकीत पानी येऊन नाही राहिलं. प्रज्ञा.' संध्याकाळी तीच चिठ्ठी आमच्या दाराला. 'पानी'भोवती लाल गोल, 'येऊन नाही राहिलं'खाली दोन लाल रेघा, आणि तळाशी टपोऱ्या अक्षरात: 'पाच वेळा लिहून दाखव.' रामदासपेठेतल्या दवाखान्यात दिवसभर लोकांच्या पाठी सरळ करणारी मी, फिजिओथेरपिस्ट, चांगली सव्वीस वर्षांची. तणतणत खाली आले.

"बाई, मी काही तुमच्या वर्गात नाही."

"टाकीचा कॉक फिरवला म्या. पानी आलं," तुम्ही शांतपणे म्हणालात. "आता पाच वेळा लिव."

"तुम्ही सोताच आत्ता पानी म्हटलं."

"बोलाले सूट आहे वं. तोंड आपलं घरचं आहे. कागद पाव्हना आहे, त्याच्यासमोर नीट राहा लागते."

आणि मी लिहिलं. पायरीवर बसून, तुमच्याच पेनानं, पाच वेळा पाणी. का लिहिलं ते मला अजून सांगता येत नाही. तुमच्या आवाजात असं काहीतरी होतं की माणूस आधी लिहायचा आणि मग चिडायचा.

सूड मीही घेतला. तुमचे गुडघे माझ्या तावडीत सापडले. भिंतीला टेकून पाय सरळ उचलायचा, दहा वेळा, दिवसातून दोनदा. तुम्ही मोजायच्या: एक, दोन, पाच, आठ, दहा. मी विचारायची, तीन आणि चार कुठं गेले? तुम्ही म्हणायच्या, "मराठी शिकवलं म्या, गनित नाही." आपली दोस्ती अशी झाली. तुमचं पाच वेळा, माझं दहा वेळा, आणि दोघींपैकी एकीचंही पूर्ण होत नव्हतं.

रोहिणीला तिसरा महिना लागला तेव्हा तुम्हाला सांगणं भाग होतं, कारण उलट्यांचा आवाज खालपर्यंत यायला लागला होता. मी तीन दिवस वाक्यं जुळवत होते. रोहिणी पारशिवनीकडची, तिच्या घरी गोष्ट फिरवून सांगायची पद्धत नाही. ती सरळ खाली आली आणि म्हणाली, "बाई, बाळ होणार आहे. त्याले बाप नाही, डॉक्टरांकडून झालंय. आम्ही दोघी मैत्रिणी नाही. म्हणजे मैत्रिणी आहोच, पण नुसत्या नाही."

तुम्ही बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिलात. मग 'बरं' म्हणालात. त्यानंतर चार दिवस एक शब्द नाही. आम्ही गुपचूप दुसरी घरं बघायला लागलो. मी भांडी बांधायला जुनी वर्तमानपत्रंसुद्धा काढली. पाचव्या दिवशी जिन्याखालून हाक आली, "अवं, या खाली दोघी."

आम्ही चेहरे पाडून उभ्या. तुमच्या मांडीवर वही होती.

"मी चार दिवसांपासून विचार करून राहिली," तुम्ही म्हणालात. "लेकरू कोनाले काय म्हनन?"

एवढीच तुमची हरकत होती. नातेवाईक गोत्यात, कायदा गोत्यात, आणि तुमची झोप उडाली होती ती संबोधनावरून. मला आजही ते आठवून आधी हसू येतं.

आम्ही ठरवलेलं सांगितलं. रोहिणी आई, मी मम्मा. तुम्ही चष्मा काढलात. "मम्मा त भाताले म्हनतात."

मी म्हटलं, हल्ली सगळीकडे असंच म्हणतात. तुम्ही म्हटलं, "पाहू."

पालवी दहा महिन्यांची असताना एका दुपारी माझ्याकडे हात पसरून म्हणाली, "मंमं." मी जागच्या जागी रडले. व्हिडिओ काढला, दवाखान्यातल्या सगळ्यांना दाखवला, कंबर धरून आलेल्या पेशंटांनाही सोडलं नाही. दोन महिने मी त्या हाकेला धावत होते. मग एका रविवारी मी बाहेरून आले, तर रोहिणी स्वयंपाकघरात तोंडावर पदरासारखा टॉवेल धरून हसत होती. कुकरची शिट्टी झाली होती आणि पालवी कुकरकडे दोन्ही हात पसरून, तोच सूर, तीच माया: "मंमं." दोन महिने मी भाताच्या नावाला ओ देत होते. खाली सांगायला आले तर तुम्ही वळून भिंतीकडे तोंड केलंत. खांदे हलत होते तुमचे, बाई. मी पाहिलं.

त्यानंतर मम्मा हा शब्द घरातून गेला. पालवीनंच निकाल लावला. ती दोघींना आई म्हणायला लागली, कुणी न शिकवता.

मग खरा गोंधळ सुरू झाला. सकाळी अंथरुणातून हाक यायची, "आई." एक तर आम्ही दोघी उठायचो आणि दारात कपाळाला कपाळ आपटायचं, नाहीतर दोघी पडून राहायचो. "तुला बोलावतेय." "माझा सूर असा नसतो." रोहिणीचं म्हणणं की तिला हाक मारताना पालवी ई लांबवते. माझं म्हणणं बरोबर उलट. वाद तुमच्यापर्यंत आला, कारण आमचे सगळे वाद तुमच्यापर्यंत येत. तुम्ही वही घेऊन दोन दिवस ऐकलंत, टिपणं काढलीत आणि निकाल दिलात: "भूक लागली का ऱ्हस्व. पडली का दीर्घ. आई कोन याच्याशी काही संबंध नाही." आम्ही दोघी थोड्या हिरमुसलो, पण निकाल बरोबर होता. आजही चालतो.

आंघोळीला मात्र तिला निवड करायची असायची. रोहिणीचं पाणी कढत, माझं कोमट. "ही आई नको, आई पाहिजे," असं ती ओरडायची, आणि खालून तुम्ही ओरडायच्या, "कोनती? दर्शक सर्वनाम लाव." दोन वर्षांच्या पोरीला. गंमत म्हणजे ती लावायची. "ती आई." मी टॉवेल गुंडाळून न्यायची तर पालवी माझ्या खांद्यावरून मागे बघत रोहिणीला टाटा करायची. गरम पाण्याचा राग आंघोळीपुरताच असे.

मे महिन्यात कूलरच्या टाकीत सापडलेल्या वस्तूंची यादी तुम्ही केली होती, ती अजून तुमच्या कपाटाच्या दाराला आहे: एक बटाटा, तुमचा चष्मा, माझा एक सॉक्स, रोहिणीचं ऑफिसचं कार्ड. कार्डाशिवाय मिहानमधल्या तिच्या कंपनीत आत सोडत नाहीत. रोहिणीनं गेटवरच्या माणसाला खरं ते सांगितलं, की कार्ड कूलरमध्ये आहे. तो म्हणे, वाळवून आणा मॅडम. तुम्ही यादीखाली लाल शाईत शेरा दिला होता: 'विद्यार्थिनी चौकस आहे.'

दुपारी मी घरी असायची, चारला परत दवाखान्यात जायची. रोहिणी सहाला यायची. मधले दोन तास पालवी तुमच्याकडे. गुडघ्यांमुळे तुम्ही तिला कडेवर घेऊ शकत नव्हता, म्हणून ती तुम्हाला हाताला धरून दारापुढच्या ओट्यावर न्यायची आणि बसवायची. आजी म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हे तुम्ही तिला पहिल्या दिवशीच सांगितलं. त्याच ओट्यावर तुम्ही तिला वचन शिकवलंत. तुमची एक हाक, तिची एक उडी.

"एक काडी?"

"दोन काड्या."

"एक पोळी?"

"दोन पोळ्या."

"एक बाई?"

"दोन बाया."

"एक आई?"

त्या दिवशी पालवी जिना चढून आली, दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आया, पोळ्या द्या." आम्ही पोट धरून हसलो. मला तो शब्द आवडला होता बाई, हे आधी कबूल करते. आम्हा दोघींना एका हाकेत बोलावणारा दुसरा शब्दच नव्हता. पुढे जे भांडण झालं त्यात मी हे विसरले.

जूनमध्ये तिला प्ले-ग्रुपला घातलं. फॉर्म मी भरला. आईचे नाव, एक रकाना. तिथं रोहिणी. जन्मदाखल्यावरही रोहिणीच, वडिलांची जागा रिकामी, आणि माझ्यासाठी दाखल्यावर जागाच नाही. फॉर्मच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं, 'ने-आण करणाऱ्या व्यक्तीचे नाव व बालकाशी नाते.' मी माझं नाव लिहिलं. नाते या शब्दापुढं पेन थांबलं. मागं रांग होती, समोर मॅडम बसल्या होत्या, आणि मी घाबरले. मी 'मावशी' लिहिलं. रोहिणीला सांगितलं नाही. तुम्हालाही नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मी तेव्हा अर्धंच सांगितलं होतं. आज सगळं लिहिते.

त्या बुधवारी मी दवाखान्यातून परस्पर घ्यायला गेले. तोंडाला स्कार्फ, घामेजलेली, पायात स्लिपर. मॅडमनी पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "मावशी, तुम्ही मागच्या गेटनं येत जा ना, आयाबाई तिकडूनच येतात सगळ्या. आणि शनिवारी पालकांची मीटिंग आहे, मॅडमना नक्की पाठवा." मग पालवीचा गाल ओढून, "किती नशीबवान आहे, घरी दोन-दोन आया आहेत म्हणते." पालवीनं मोठ्या अभिमानानं मान डोलावली. दोन बोटं दाखवली.

मी काय म्हणाले माहीत आहे? मी "बरं" म्हणाले. पोरीला उचललं आणि मागच्या गेटनं बाहेर आले. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. हेच सांगायचं राहिलं.

घरी येऊन मात्र सगळा राग तुमच्यावर काढला. तुम्ही सांबार निवडत बसला होता, ओल्या कोथिंबिरीचा वास ओट्यावर पसरला होता.

"तुमच्या व्याकरणानं मले नोकर बनवून टाकलं, बाई," मी म्हटलं. "माह्या पोरीच्या तोंडून. आया म्हणून राहिली ती मले सगळ्यांसमोर."

"बरोबरच म्हनून राहिली. आईचं अनेकवचन आया."

"लोक व्याकरण नाही शिकून राहिले तिथं. लोकांले वाटते मी कामवाली आहो."

"सभेत आयाबहिनींनो म्हनतात, तवा साऱ्या बाया कामाले लागतात का?" तुम्ही काडी मोडून टाकलीत. "मले जनमभर लोकं बाई म्हनत आले. भांडेवालीलेही बाईच म्हनतात. मी लहान झाली का? का ती मोठी झाली? अन् चार ते सहा तुह्या पोरीपाशी मी कोन असते वं? आयाच असते ना?"

मी म्हटलं, "तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्हाला कुणी मागच्या गेटनं जा नाही म्हणत."

तुमचे हात थांबले. आवाज नाही चढला, उलट उतरला.

"माही माय आया होती, प्रज्ञे. सरकारी दवाखान्यात. मागच्याच गेटनं जाये. मले दोन वर्साची असतानी कडेवर घेऊन दीक्षाभूमीवर तीच गेली होती, अन् तिच्याच पगारावर मी शिकली. मले त्या शब्दाची लाज नाही."

मला तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण तुम्ही पुढचा प्रश्न विचारलात, आणि तो थेट दुखऱ्या जागी बसला.

"अन् मले एक सांग. शाळेतल्या बाईनं तुले आधी मावशी म्हटलं का आधी आया?"

"मावशी."

"काहून? फारमावर काय लिवलं होतं तू?"

मी जिना चढून वर आले आणि दार लावून घेतलं. तुमच्यापासून काही लपायचं नाही, हे आठ वर्षांत कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पालवीच्या हातून सांबारवडीची ताटली वर आली. वड्यांखाली चिठ्ठी, तेलाचा डाग पडलेली. त्यावर एकच शब्द, 'मावशी', लाल गोलात, आणि त्यावर फुली. खाली: 'पाच वेळा लिहून दाखव. काय लिहायचं ते तुला माहीत आहे.' मी वड्या खाल्ल्या. फार चांगल्या झाल्या होत्या. चिठ्ठी मसाल्याच्या डब्याखाली सरकवली. शनिवारच्या मीटिंगला रोहिणी एकटी गेली, मी पेशंट आहेत असं सांगितलं. पेशंट नव्हते.

आपलं बोलणं काही बंद झालं नव्हतं. मी रोज खाली येत होते, तुमचे गुडघे वाकवत होते, तुम्ही एकवरून तीनवर उडी मारत होता. फक्त तो विषय दोघी टाळत होतो. मला वाटलं, राग गेला की लिहू. तुमच्याकडे वेळ आहे असंच धरून चालले होते.

पुढच्या शुक्रवारी चारला पालवीला घेऊन खाली आले तर दार नुसतं लोटलेलं. तुम्ही जेवून आडव्या झाला होता. चष्मा डोळ्यांवर, वर्तमानपत्र पोटावर, लाल पेन बोटांत. पालवी पुढं धावली, तुमचा हात हलवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, बाई उठून नाही राहिली." मी नाडी बघितली. मग दुसऱ्या हाताची बघितली. मग वर्तमानपत्र बघितलं. तिसऱ्या पानावर कुणीतरी 'दिर्घ' छापलं होतं आणि तुम्ही त्याभोवती गोल केला होता. गोल पूर्ण होता. मला रडताना हसू फुटलं, आणि पालवीला वाटलं आपण काहीतरी खेळतोय, म्हणून ती टाळ्या वाजवायला लागली. मी तिला थांबवलं नाही. तुम्हाला चाललं असतं.

चंद्रपूरहून तुमचा भाचा आला. सगळं नीट केलं त्यानं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्या लोकांना पाणी देताना त्यानं मला विचारलं, "तुम्ही मावशीच्या कोण?" तुम्ही त्याच्या खऱ्या मावशी, हे ऐकायलाही मला क्षणभर जड गेलं. मी म्हटलं, "भाडेकरू." म्हटलं आणि त्याच वेळी कळलं की पुन्हा तेच केलं. कुणी नातं विचारलं की मी मिळेल तो कमी शब्द उचलते आणि बाजूला सरते. रोहिणी माझ्या शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "बाईंनी आमची पोर सांभाळली. आम्ही त्यांच्या घरच्याच." इतकं सोपं होतं ते. भाचा म्हणाला, आठवण म्हणून काही घ्यायचं तर घ्या. मी पेन मागितलं.

परवा सकाळी स्कार्फ न बांधता गेले, समोरच्या गेटनं. मॅडम फळ्यावर फुलं काढत होत्या. मी म्हटलं, "पालवीच्या फॉर्ममध्ये एक चूक आहे. माझी आहे. दुरुस्त करायची आहे." त्यांनी फाईल काढली. मी तुमच्या पेनानं 'मावशी'वर फुली मारली आणि शेजारी 'आई' लिहिलं. ई जरा वाकडी आली.

"पण आईचं नाव वर आहे ना? रोहिणी मॅडम?"

"हो. ती पण."

त्यांनी वरचं नाव वाचलं, खालचं वाचलं, परत वरचं वाचलं. मग हळूहळू त्यांचाच चेहरा लाल झाला. "म्हणजे पालवी म्हणत होती त्या आया... मी तुम्हाला त्या दिवशी..."

"ती बरोबर म्हणत होती," मी म्हटलं. "आईचं अनेकवचन आया. आमच्या बाईंनी शिकवलंय."

त्या म्हणाल्या, "मी कधी वापरलंच नाही ते. कधी लागलंच नाही." प्रामाणिक मुलगी आहे, बाई. तुमच्या वर्गात असती तर तुम्हाला आवडली असती. मोठ्या मॅडमना विचारावं लागेल, असंही ती म्हणाली. मी म्हटलं, विचारा, पण खोडू नका. त्यांच्या उत्तराची मला अजून धास्ती आहे. पण या वेळी मी तिथून "बरं" म्हणून निघाले नाही. आणि मागच्या गेटपाशी दोन आयाबाई बसल्या होत्या, तिकडे मुद्दाम जाऊन त्यांच्याशी बोलले. तुमच्या मायबद्दल मी जे बोलले, म्हणजे न बोलता बोलले, त्याची माफी कुणाकडे मागायची ते कळेना. तुमच्याकडेच मागते. चुकलं माझं.

दुपारी घ्यायला गेले तर मॅडमनी दारातून पुकारलं, "पालवी, तुझ्या..." आणि अडखळल्या. मग सावरून म्हणाल्या, "पालवी, तुझी आई आली."

पालवीनं चपलेचा पट्टा लावता लावता मान वर केली, माझ्यामागं रस्त्यावर कुणी आहे का ते नीट वाकून पाहिलं आणि म्हणाली, "एकच आली."

वचन पक्कं झालंय, बाई. तिच्याकडून आता काही विसरलं जायचं नाही. चारला ती अजून ओट्यावर जाऊन बसते, आणि मी दवाखान्याची वेळ अर्ध्या तासानं पुढं ढकलून तिच्याजवळ बसते. ती मला विचारते, एक काडी? मी चुकीचं उत्तर देते. ती खूश होते आणि दहा वेळा म्हण म्हणते. पाच आणि दहा यांतला फरक तिला अजून कळत नाही, गणित तुमच्याकडूनच शिकली.

आता राहिलेला गृहपाठ. चिठ्ठी मसाल्याच्या डब्याखालून काढून समोर ठेवली आहे, आणखी दोन डाग पडलेत तिच्यावर. उशीर झाला, त्याचे गुण कापा.

आई.

आई.

आई.

आई.

पाचव्यांदा लिहिणार तेवढ्यात आतून हाक आली. ऱ्हस्व आहे, म्हणजे भूक लागलीय, आणि रोहिणी अजून मिहानहून आलेली नाही. बाई, पाचवी तीच धरा. जाते.